पुसणाऱ्याचा शब्द : नवख्यांच्या प्रश्नांचे स्वागत आणि मराठीतील प्रश्नोत्तर-परंपरा

प्रास्ताविक

विदर्भातील महाविद्यालयांत संगणक नुकतेच आले होते, त्या काळात मराठीच्या प्राध्यापकांनी संगणकाच्या जाणकारांना विचारलेले प्रश्न आज आठवले तर हसू येते. घरी टंकलिखित केलेला निबंध महाविद्यालयातील संगणकावर उघडताच अक्षरांच्या जागी भलतीच रोमन चिन्हे का दिसतात? ‘दऱ्या’ लिहू गेल्यास ‘दर्या’ का उमटते? ‘बॅट’ लिहिता येते, मग ‘ॲसिड’ लिहिताना ‘अ’वर चंद्र का बसत नाही आणि मध्येच ठिपक्यांचे एक वर्तुळ कोठून येते? या प्रश्नांना बहुधा ‘आधी थोडे शिकून या’ अशा वळणाचे उत्तर मिळे. विचारणारा ओशाळून परत जाई आणि ‘ॲ’च्या जागी हिंदीतील ‘ऍ’ वापरून वेळ मारून नेई.

या तीन प्रश्नांची आज फेरतपासणी केली तर काय दिसते? पहिल्या प्रश्नामागे फॉन्ट तयार करणाऱ्या प्रत्येकाने आपापली वेगळी संकेतप्रणाली वापरण्याची अव्यवस्था होती. दुसऱ्याचे उत्तर उपलब्ध होते. इन्स्क्रिप्ट कळफलकावर शिफ्ट धरून ‘र’ची कळ दाबली की काम होत असे. पण हिंदीला न लागणाऱ्या आणि मराठीला पदोपदी लागणाऱ्या त्या अर्ध्या ‘र’ला सर्वसामान्य लिहिणाऱ्याकडे नावच नाही. ज्याचे नाव ठाऊक नाही ते पुस्तिकेच्या सूचीत कोणत्या शब्दाखाली शोधावे? तिसऱ्या प्रश्नाची गोष्ट तर अधिकच बोलकी आहे. ‘ॲ’ या अक्षराला युनिकोडमध्ये स्वतंत्र स्थान मिळाले ते २००८ साली, ५.१ या आवृत्तीत. म्हणजे तोपर्यंत ज्या पुस्तिकेत उत्तर शोधायला सांगितले जात होते, त्या पुस्तिकेतच काय, प्रमाणसंकेतातही ते नव्हते. प्रश्न विचारणाऱ्याने नकळत प्रणालीतील एक उणीव दाखवून दिली होती आणि त्याला अडाणी ठरवून परत पाठवले जात होते.

तांत्रिक साहाय्य देणाऱ्या समूहांनी नवख्यांच्या प्रश्नांचे स्वागत करावे की नाही, हा प्रश्न सामान्यतः शिष्टाचाराचा म्हणून हाताळला जातो. उत्तर सौम्य शब्दांत द्यावे, खेकसू नये, इतक्यावर चर्चा थांबते. प्रस्तुत लेखकाच्या मते तो मुख्यतः नोंदीचा प्रश्न आहे. नवख्याने जो शब्द वापरला, ज्या प्रसंगी वापरला, तो समूहाने राखला की बदलला, यावरून स्वागताची कसोटी लावली पाहिजे. या दृष्टीने काही मराठी ग्रंथांकडे आणि वाशीम जिल्ह्यातील शेतकरी ज्या यंत्रणेला प्रश्न विचारतात तिच्या दप्तराकडे येथे पाहावयाचे आहे. ग्रंथ आणि दप्तर यांना एकाच मापाने मोजणे काहींना खटकेल. परंतु दोन्हींचा घाट प्रश्नोत्तराचाच आहे.

शहाण्या प्रश्नाची अट

मुक्त संगणकप्रणालींच्या जगात एरिक रेमंड आणि रिक मोएन यांनी २००१ साली प्रश्न चतुराईने कसे विचारावेत याविषयी एक मार्गदर्शिका लिहिली. ती इतकी गाजली की तिचे अनेक भाषांत अनुवाद झाले आणि कित्येक साहाय्यगटांनी ती आपल्या दारावरच्या पाटीसारखी लावली. तिचा आशय थोडक्यात असा : उत्तर देणारे बहुतांशी स्वयंसेवक आहेत, त्यांचा वेळ मोलाचा आहे, म्हणून विचारण्यापूर्वी स्वतः शोधा, पुस्तिका वाचा, काय काय करून पाहिले ते सांगा, शीर्षक नेमके द्या, आणि एवढे करूनही कोणी फटकारले तर ते मनाला लावून घेऊ नका.

या मार्गदर्शिकेला सरसकट उद्धट म्हणणे अन्यायाचे होईल. तिच्यात उत्तर देणाऱ्यांसाठीही एक भाग आहे आणि तेथे त्यांनाही सौम्यपणाचा सल्ला दिलेला आहे. विनामूल्य काम करणाऱ्या माणसाला दिवसातून दहा वेळा तोच प्रश्न आला तर त्याचे डोके फिरणारच. परीक्षेच्या हंगामात विभागप्रमुखाच्या खुर्चीत बसलेल्या कोणालाही हे सांगावे लागणार नाही. अडचण निराळी आहे. विचारणाऱ्याला आपल्या अज्ञानाची हद्द ठाऊक आहे, असे ही मार्गदर्शिका गृहीत धरते. नेमके शीर्षक द्या म्हणणे म्हणजे दुखणे काय आहे हे रोग्याने वैद्याच्या परिभाषेत सांगावे असे म्हणणे होय. ज्याला नेमके विचारता येते तो निम्मा जाणकार झालेला असतो. नवख्याची व्याख्याच मुळी त्याला ते जमत नाही ही आहे. ही अट घातली की दाराशी येतात ते अर्धे शिकलेले लोक, आणि समूहाचा समज होतो की आपण नवख्यांना मदत करीत आहोत.

२००८ साली सुरू झालेल्या स्टॅक ओव्हरफ्लोने हीच अट यंत्रबद्ध केली. प्रश्नाला ऋण मते देण्याची, ‘हा पूर्वी विचारला गेला आहे’ म्हणून बंद करण्याची सोय तेथे आली. तिच्यामुळे उत्तरांचा दर्जा वाढला हे नाकारता येणार नाही. परंतु नवागतांना आणि विशेषतः स्त्रियांना व वर्णाने अल्पसंख्य असलेल्यांना आपले संस्थळ वैरभावाचे वाटते, अशी जाहीर कबुली चालकांनीच २०१८ साली दिली. २०२२ च्या अखेरीस चॅटजीपीटी आल्यानंतर तेथील नव्या प्रश्नांची संख्या झपाट्याने घसरली. यंत्र कोणालाही हिणवत नाही, हे त्यामागचे एक कारण असावे. मात्र यंत्राशी खाजगीत झालेला संवाद पुढच्या विचारणाऱ्याच्या नजरेस पडत नाही. अपमान टळला, पण प्रश्नही सार्वजनिक जागेतून नाहीसा झाला. ‘ॲ’विषयीचा प्रश्न शेकडो जणांनी उघडपणे विचारला तर उणीव कोठे आहे ते दिसू लागते, शेकडो जणांनी तो एकेकट्याने विचारला तर प्रत्येकाला फक्त वाट काढून मिळते.

म्हाताऱ्यांसाठी मराठी

आपल्याच विद्यापीठाच्या परिक्षेत्रात, अमरावती जिल्ह्यातील ऋद्धपूर येथे तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात मराठीतील प्रश्नोत्तरांचा एक असामान्य संग्रह सिद्ध झाला. लीळाचरित्राकडे आपण आद्य गद्यग्रंथ म्हणून, चरित्र म्हणून, यादवकालीन समाजाचे चित्र म्हणून पाहत आलो आहोत. उत्तर देणाऱ्या एका समूहाचे दप्तर म्हणूनही ते वाचता येते, आणि तसे वाचले की त्याचे काही विशेष नव्याने जाणवतात.

म्हाइंभटांनी चक्रधरांच्या आठवणी ज्यांच्याजवळ होत्या त्यांना गाठून लीळा मिळवल्या आणि नागदेवाचार्यांकडून त्या पारखून घेतल्या. या मेहनतीचे कौतुक पुष्कळ झाले आहे. पण लीळेची बांधणी कशी आहे हे येथे अधिक महत्त्वाचे. पुष्कळशा लीळांत आधी स्थळ येते, मग एखादी घटना, मग कोणीतरी काहीतरी विचारते, आणि त्यानंतर चक्रधरांचे निरूपण. विचारणारा बिननावाचा नसतो. बाइसा विचारते, महदाइसा विचारते, भट विचारतात. विचारलेले सगळेच ब्रह्मविद्येचे नसते. तीर्थव्रताविषयी, खाण्यापिण्याविषयी, निव्वळ कुतूहलापोटी विचारलेलेही असते. पंडिताला क्षुल्लक वाटतील असे प्रश्न म्हाइंभटांनी गाळले नाहीत. एखाद्या तपशिलाबाबत साक्षीदारांचे मत वेगळे पडले तर तेही त्यांनी नोंदवले. महदाइसा तर सतत काही ना काही पुसत असे आणि तिच्या या स्वभावाचा चक्रधरांनी कौतुकाने उल्लेख केल्याचे लीळेतच आले आहे. जिज्ञासा हा दोष न मानता ओळख मानली गेली, ही गोष्ट साधी नाही.

यापुढचा टप्पा आपल्या विषयाच्या दृष्टीने अधिक उद्बोधक आहे. केशिराजबासांनी लीळांमधील चक्रधरांची वचने वेगळी काढून सूत्रपाठ सिद्ध केला. पाठांतरासाठी आणि चिंतनासाठी ती सोय मोठीच होती. आजच्या भाषेत बोलायचे तर लांबलचक संवादातून उत्तरे तेवढी वेचून एक सुटसुटीत संग्रह झाला. परंतु सूत्र एकटे पडले की ते कोणाला, कशावरून, कोणत्या प्रसंगी सांगितले हे कळेनासे होते, आणि मग त्याचा अर्थ डळमळतो. एकच वचन रुसलेल्या शिष्याला सांगितले असेल तर एक, वाद घालायला आलेल्या पंडिताला सांगितले असेल तर दुसरे. ही उणीव पंथालाच जाणवली. सूत्रामागचा प्रसंग सांगणारे ‘प्रकरणवश’ हे वाङ्मय त्यातून उभे राहिले. अलग केलेल्या उत्तरांना त्यांचे प्रश्न परत जोडून देण्यासाठी एक स्वतंत्र ग्रंथप्रकार निर्माण करावा लागावा, याहून प्रश्नाच्या मोलाचा मोठा पुरावा कोणता असू शकेल? नेहमीच्या प्रश्नांची तयार उत्तरे छापून ठेवणाऱ्या प्रत्येक कार्यालयाने हा इतिहास वाचावा असे वाटते.

स्मृतिस्थळात नागदेवाचार्यांच्या दोन आठवणी आहेत. त्या सर्वपरिचित असल्या तरी या संदर्भात त्यांचा अर्थ थोडा बदलतो. केशिराजबासांनी शास्त्रचर्चेच्या संस्कृत वळणाने विचारले तेव्हा आचार्यांनी, ती भाषा मला उमजत नाही, चक्रधरांनी मला मराठीत निरूपण केले, तेव्हा त्याच भाषेत पुसा, असे सांगितले. दुसऱ्या प्रसंगी संस्कृत रचनेचा विचार पुढे आला, तेव्हा त्याने आपल्या म्हाताऱ्या वंचित होतील म्हणून त्यांनी नकार दिला. मराठीच्या अभिमानाचे दाखले म्हणून या आठवणी आपण भाषणांतून उद्धृत करतो. तसे करताना एक बारकावा निसटतो. पहिल्या आठवणीत आचार्य केवळ उत्तराच्या भाषेविषयी बोलत नाहीत, प्रश्नाच्या भाषेविषयी बोलतात. बहुश्रुत माणसाने आपला प्रश्न खाली उतरवून आणावा, अशी अपेक्षा ते करतात. रेमंड यांच्या मार्गदर्शिकेत भार नवख्यावर आहे. येथे तो पंडितावर टाकलेला आहे.

अर्थात या परंपरेचे उदात्तीकरण करण्याचे कारण नाही. ज्या पंथाने म्हाताऱ्यांसाठी मराठी राखली त्याच पंथाने पुढे आपले ग्रंथ सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत बंद केले आणि विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत ते बाहेरच्या अभ्यासकांना अगम्य राहिले. त्यामागे छळाची भीती होती, प्रतिपाळाची वृत्ती होती, हे खरे. तरी आतल्यांच्या प्रश्नांचे स्वागत आणि बाहेरच्यांना कुलूप, या दोन गोष्टी एकाच समूहात नांदू शकतात एवढे यावरून लक्षात घ्यावे. तांत्रिक समूहांची परिभाषा हीसुद्धा बऱ्याचदा अशीच सकळ लिपी होऊन बसते.

नामधारकाचे प्रश्न

वाशीम जिल्ह्याचा प्रश्नोत्तर-वाङ्मयाशी आणखी एक संबंध आहे. श्रीनृसिंहसरस्वतींचे जन्मस्थान म्हणून कारंजा (लाड) प्रसिद्ध आहे आणि त्यांचे चरित्र सांगणारा सरस्वती गंगाधरांचा गुरुचरित्र हा ग्रंथ आदिअंती नामधारक आणि सिद्ध यांच्या संवादाच्या चौकटीत बसवलेला आहे. नामधारक हा नवखा साधक. तो पुढे काय झाले ते विचारतो. सिद्ध संतोष पावतो, त्याच्या जिज्ञासेची प्रशंसा करतो आणि कथा सुरू होते. जवळपास प्रत्येक अध्यायाच्या तोंडी हे घडते. नवख्याच्या प्रश्नाचे इतक्या सातत्याने स्वागत करणारा दुसरा लोकप्रिय मराठी ग्रंथ चटकन आठवत नाही.

तरीही हे स्वागत आणि लीळाचरित्रातील स्वागत यांत अंतर आहे. नामधारकाचा प्रश्न कथेला वाट करून देण्यासाठी येतो. तो क्वचितच सिद्धाला अडचणीत टाकतो. त्याच्या विचारण्याने उत्तराची दिशा फारशी बदलत नाही. पारायणाच्या ग्रंथाला हे साजते, आणि श्रोत्याला आपण नामधारकाच्या जागी आहोत असे वाटावे हा त्यामागचा हेतूही सफल होतो. दोष ग्रंथाचा नाही. परंतु ‘आपण छान प्रश्न विचारलात’ असे आरंभी म्हणून मग ठरलेले उत्तर वाचून दाखवणाऱ्या आजच्या ग्राहकसेवा ऐकल्या की नामधारकाची आठवण होते. प्रशंसा करणे सोपे आहे, कारण तिने उत्तर देणाऱ्याला काहीच बदलावे लागत नाही.

आकाशवाणीपासून किसान कॉल सेंटरपर्यंत

तांत्रिक ज्ञान देणाऱ्यांनी नवख्यांचे प्रश्न मागवून घेण्याचा एक विलक्षण मराठी प्रयोग १९५६ सालचा आहे. युनेस्कोच्या साहाय्याने आकाशवाणीच्या पुणे केंद्राने पाच मराठी भाषक जिल्ह्यांतील सुमारे १५० खेड्यांत शेतकऱ्यांचे श्रोतृगट स्थापन केले. दहा आठवडे, आठवड्यातून दोनदा, असे वीस कार्यक्रम झाले. गटाने एकत्र बसून ऐकायचे, मग चर्चा करायची, आणि निघालेले प्रश्न केंद्राकडे पाठवायचे. पुढच्या कार्यक्रमात त्यांची उत्तरे दिली जात. पॉल न्यूराथ यांनी टाटा समाजविज्ञान संस्थेतर्फे या प्रयोगाचे मूल्यमापन केले. नुसता रेडिओ असलेल्या आणि रेडिओ नसलेल्या गावांशी तुलना करता श्रोतृगटांच्या गावांत ज्ञानाची वाढ ठळकपणे अधिक दिसली. यंत्र तेच, कार्यक्रम तोच. फरक चर्चेचा आणि प्रश्नाचा होता. प्रश्न गटातून येत असल्यामुळे निरक्षर माणसालाही आपली शंका दुसऱ्याच्या तोंडून मांडता येत होती, हेही ध्यानात घ्यावे. ओशाळेपणा वाटून घेतला की हलका होतो.

या पार्श्वभूमीवर किसान कॉल सेंटरकडे वळावे लागते. २१ जानेवारी २००४ रोजी सुरू झालेल्या या सेवेत शेतकरी निःशुल्क क्रमांकावर आपल्या भाषेत प्रश्न विचारतो आणि कृषी पदवीधर सल्लागार उत्तर देतो. पैसे लागत नाहीत, अर्ज लागत नाही, कोणाची ओळख लागत नाही. रिसोड तालुक्यातील करडा येथील कृषी विज्ञान केंद्रापर्यंत किंवा अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठापर्यंत ज्याचे पाऊल पोचत नाही अशा मानोरा तालुक्यातल्या कोरडवाहू शेतकऱ्याला ही सोय मोलाची आहे. प्रस्तुत टीका सेवेच्या हेतूवर नाही.

टीका आहे ती दप्तरावर. या सेवेकडे आलेल्या प्रश्नांच्या नोंदी केंद्र शासनाच्या खुल्या विदा संकेतस्थळावर जिल्हावार प्रसिद्ध होतात. राज्य, जिल्हा, तालुका, पीक, प्रश्नाचा प्रकार, प्रश्न, उत्तर, दिनांक असे रकाने असतात. विचारणाऱ्याचे नाव नसते, आणि ते नसणे योग्यच आहे. पण प्रश्नाच्या रकान्यात जे असते तो शेतकऱ्याचा प्रश्न नव्हे. ‘अमुक पिकावरील अमुक किडीच्या नियंत्रणाविषयी विचारणा’ अशा साच्यातील, बहुतांशी इंग्रजीतील, सल्लागाराने केलेला तो गोषवारा आहे. शेतकरी वऱ्हाडीत बोलला, नोंद इंग्रजीत झाली. तो घडलेले सांगत होता, नोंदीत फक्त विषय उरला. सूत्रपाठाचीच ही उलटी आवृत्ती म्हणावी लागेल, कारण येथे उत्तर राहिले तरी प्रकरण पुसले गेले, आणि प्रकरणवश लिहायला आता कोणी येणार नाही.

एक उदाहरण घेऊ. जुलै-ऑगस्टमध्ये वाशीम जिल्ह्यातील शेतकऱ्याच्या तोंडी हमखास येणारे वाक्य म्हणजे ‘सोयाबीन पिवळं पडलं’. शेतीशास्त्राच्या दृष्टीने हा प्रश्नच नव्हे, कारण त्याला निदान तीन उत्तरे आहेत. कोवळी पाने पिवळी आणि शिरा हिरव्या असतील तर लोहाची कमतरता. पानावर पिवळ्या-हिरव्या रंगांचे डाग विखुरलेले असतील तर पांढऱ्या माशीने पसरणारा पिवळा मोझॅक. आणि फक्त वावराच्या सखल भागातलेच पीक पिवळे असेल तर साचलेले पाणी. पहिल्यात फेरस सल्फेटची फवारणी, दुसऱ्यात रोगट झाडे उपटणे आणि माशीचा बंदोबस्त, तिसऱ्यात चर काढून पाण्याला वाट. उत्तर चुकले तर औषधाचा खर्च वाया जातो आणि हंगामही निघून जातो. चांगला सल्लागार या वाक्यावर हसत नाही, उलट विचारतो : कोणतं पान, वरचं की खालचं? शिरा कशा दिसतात? साऱ्या वावरात की एका पट्ट्यात? हा उलटप्रश्न म्हणजे खरे स्वागत होय. मात्र दप्तरात ‘पिवळं पडलं’ हे शब्दही येत नाहीत आणि उलटप्रश्नही येत नाही. येते ते निदान झाल्यानंतरचे रोगाचे नाव. त्यामुळे पुढच्या सल्लागाराला ही नोंद शिकण्यासाठी निरुपयोगी ठरते. ‘पिवळं’ या एका शब्दातून तीन निदानांकडे कसे जायचे, ही वाटच तिच्यात नाही.

मात्रेचा प्रश्न याहून गंभीर आहे. शिफारस हेक्टरी असते, किंवा लिटरला, किंवा दहा लिटर पाण्याला. फवारणी करणारा मजूर मात्र पंपाचा हिशेब करतो. त्याचा प्रश्न असतो : ‘एका पंपाला किती झाकणं?’ पाठीवरचा पंप पंधरा लिटरचा की सोळाचा, तो हाताचा, बॅटरीचा की पेट्रोलचा, झाकण कोणत्या बाटलीचे, यावर औषधाचे प्रमाण पालटते. कृषी पदवीधराला हा प्रश्न बाळबोध वाटण्याचा संभव आहे, कारण साधे त्रैराशिक मांडले की तो सुटतो. पण ज्याला तो सुटत नाही त्याच्या पाठीवर विष आहे. शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात २०१७ च्या खरिपात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर मरण पावले. त्या दुर्घटनेची कारणे अनेक होती : कीटकनाशकांची मिश्रणे, डोक्याएवढी वाढलेली पऱ्हाटी, हातमोजे व मुखपट्टीचा अभाव, जोराने फवारणारे नवे पंप. न विचारलेल्या प्रश्नाने ती घडली असे म्हणणे अतिव्याप्त होईल. तरीही डब्यावरच्या त्रिकोणाचा लाल रंग कशासाठी असतो, दोन औषधे एकत्र केली तर चालतात काय, झाकणाने मोजले तर चालते काय, हे प्रश्न त्या हंगामापूर्वी किती जणांनी कोणाला विचारले आणि त्यांना काय सांगितले गेले, हे कळण्याचा मार्ग आपल्याजवळ असायला हवा होता. ‘कीटकनाशकाच्या मात्रेविषयी विचारणा’ या ओळीतून ते कळत नाही.

यावर एक आक्षेप संभवतो. रोज येणारे हजारो संभाषण शब्दशः लिहून ठेवणे कोणत्या सल्लागाराला शक्य आहे? आक्षेप रास्त आहे. पण सगळे संभाषण कोणी मागत नाही. प्रश्नाच्या रकान्याशेजारी आणखी एक रकाना, शेतकऱ्याच्या पहिल्या वाक्यापुरता, देवनागरीत. आणि सल्लागाराने जो पहिला उलटप्रश्न केला त्यासाठी दुसरा. म्हाइंभटांनी याहून अवघड काम पायी फिरून केले. ‘लाल्या’, ‘चुरडा’, ‘पिवळं’, ‘झाकण’ हे शब्द त्या रकान्यात साठले तर त्यांचा उपयोग केवळ शेतीखात्याला होणार नाही. वऱ्हाडीचा अभ्यास करणाऱ्याला आज म्हणी आणि लोकगीते यांपलीकडची जिवंत सामग्री मिळत नाही; जिचा प्रत्येक शब्द कोणत्या तरी अडचणीपोटी उच्चारला गेला आहे अशी ती सामग्री असेल.

शासनाच्या नमुन्यात रकाना वाढेपर्यंत थांबण्याचीही गरज नाही. जिल्ह्यातील सहाही तालुक्यांत महाविद्यालये आहेत आणि त्यांतील पदवीचे बहुसंख्य विद्यार्थी शेतकऱ्यांच्या घरचे आहेत. खरिपाच्या चार महिन्यांत घरी, कृषिसेवा केंद्राच्या ओट्यावर, पारावर कानी पडलेले प्रश्न आहेत त्या शब्दांत, तारीख आणि प्रसंग घालून एका वहीत लिहून आणणे हे मराठी विभागाच्या प्रकल्पकार्यात सहज बसते. प्रश्न कोणाचा, हे लिहू नये. पाऊस होऊन किती दिवस झाले, वावर उताराचे की सखल, विचारणाऱ्याने हातात झाडाचे पान आणले होते काय, हे मात्र लिहावे. या वह्या कृषी विज्ञान केंद्राच्या तज्ज्ञांसमोर ठेवल्या तर काही प्रश्नांची उत्तरे त्यांच्याजवळ तयार असतील, काहींना ते उलटप्रश्न करतील, आणि ‘ॲ’प्रमाणे एखाद्याचे उत्तर अजून कोणत्याच पुस्तिकेत नाही असेही आढळेल.